हॉल, रेल्वे फाटक की सांडपाण्याचा पंप: मंगळवारी कुणासाठी बोलू?

«ताई, नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियातल्या साधारण सत्तर हजार वस्तीच्या गावात अकरा वर्षं राहतोय. फेडरल, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या, निधीसाठी गावातली कुठली कामं आमच्या काँग्रेसवुमनच्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या आमच्या प्रतिनिधीच्या, ऑफिसकडे पाठवायची, हे सिटी कौन्सिल पुढच्या मंगळवारी ठरवणार आहे. स्टाफने तीन कामं सुचवली आहेत. सीनियर सेंटरची दुरुस्ती आणि त्याला जोडून मोठा हॉल; शाळेजवळच्या रेल्वे फाटकावर पायी जाणाऱ्यांसाठी सुरक्षित वाट; आणि रुळांपलीकडच्या जुन्या वस्तीतलं सांडपाण्याचं पंप स्टेशन बदलणं. यातलं एकच पहिल्या क्रमांकावर जाईल. मंडळाच्या ग्रुपवर निरोप आलाय की सगळ्यांनी जाऊन हॉलसाठी बोलायचं, गणपतीला हक्काची जागा होईल. माझ्या सासूबाई रोज त्या सेंटरमध्ये जातात. पण जानेवारी २०२३ च्या पावसात माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या घरी बाथरूममधून मैला वर आला होता, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. आपल्याच लोकांच्या विरोधात उभी राहू का? मी अजून ग्रीन कार्डवर आहे, मला बोलायचा हक्क तरी आहे का? आणि हा म्हणजे आपल्याकडचा खासदार निधीच ना?» – अ.

प्रिय अ.,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ग्रुपवरचा घोळ बहुधा तिथूनच सुरू झालाय. हा खासदार निधी नव्हे. आपल्याकडे १९९३ साली सुरू झालेल्या त्या योजनेत प्रत्येक खासदाराच्या वाट्याला दरवर्षी ठरलेली रक्कम येते, २०११-१२ पासून पाच कोटी रुपये. खासदार काम सुचवतात, जिल्हा प्रशासन मंजुरी देऊन ते करून घेतं. म्हणजे पैसे आधी ठरलेले, काम नंतर. ‘खासदार निधीतून’ अशी पाटी लावलेले सभामंडप आणि बसथांबे पाहत आपण मोठे झालो, त्यामुळे असा निधी म्हटला की सभामंडप डोळ्यांसमोर येतो. त्यात मंडळाच्या लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

इथला मामला उलटा आहे. तुमच्या काँग्रेसवुमनच्या नावावर एक डॉलरही राखून ठेवलेला नसतो. त्या फक्त विनंती करू शकतात. ती विनंती अ‍ॅप्रोप्रिएशन्स कमिटीकडे जाते, म्हणजे सरकारी खर्चाची विधेयकं बांधणाऱ्या समितीकडे. समितीला पटलं तर त्या वर्षाच्या खर्चाच्या कायद्यासोबतच्या यादीत तुमच्या गावाचं नाव, कामाचं नाव आणि रक्कम अशी एक ओळ येते. दोन्ही सभागृहांनी मान्यता देऊन राष्ट्राध्यक्षांची सही होईपर्यंत त्या ओळीला काही किंमत नसते.

या ओळींना इथे इअरमार्क म्हणतात. शब्द गोठ्यातून आलाय: जनावराच्या कानाला खाच पाडून मालकाची खूण करायची, तशी सरकारी पैशावर खूण. जुन्या काळी यात फार मनमानी झाली. अलास्कातल्या केचिकन गावाजवळ पन्नासेक माणसांच्या ग्रॅव्हिना बेटावर जाणाऱ्या पुलासाठी २००५ च्या सुमाराला वीस कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम मंजूर झाली, तेव्हा देशभर इतका संताप उसळला की पुढे तो पूल बांधलाच गेला नाही. २०११ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ही पद्धत बंद केली. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ती परत आणली ती ‘कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग’ या नावाने आणि बरेच लगाम घालून. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला पैसे मिळत नाहीत. लोकप्रतिनिधीला प्रत्येक विनंती जाहीरपणे वेबसाइटवर टाकावी लागते. त्यात आपला किंवा जवळच्या नातलगांचा आर्थिक हितसंबंध नाही असं लिहून द्यावं लागतं. प्रतिनिधीगृहातल्या सदस्याला विनंत्यांच्या संख्येची मर्यादा आहे, पहिल्या वर्षी दहा होती, मग पंधरा झाली. आणि या कामाला स्थानिक लोकांचा पाठिंबा आहे याचा पुरावा जोडावा लागतो.

शेवटच्या दोन नियमांत तुमच्या मंगळवारचं सगळं महत्त्व आहे. एका काँग्रेस मतदारसंघात सरासरी साडेसात लाखांहून जास्त माणसं राहतात. त्यात तुमच्यासारखी कितीतरी गावं, शिवाय काउंटी, पाणीपुरवठा मंडळं, कॉलेजं. सगळ्यांचे अर्ज येणार, त्यातून मोजकेच निवडायचे. म्हणून ऑफिसवाले शहराला विचारतात, तुमचं पहिलं कुठलं? तुमच्या कौन्सिलने पहिल्या क्रमांकावर जे ठेवलं त्यालाच खरी संधी. तिसऱ्या क्रमांकावरचं काम यादीत दिसतं, पुढे फारसं सरकत नाही.

आता एक जरा कडू गोष्ट. यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले, असं कुणी मंडळात सांगत असेल तर त्यांना मार्च २०२५ ची आठवण करून द्या. त्या वर्षी देशभरातल्या शेकडो गावांची कामं समितीच्या मसुद्यात बसली होती. मग वाटाघाटी फिसकटल्या, वर्षभराचा खर्च जुन्याच आकड्यांवर पुढे चालवणारा कायदा झाला, आणि त्यात एकही इअरमार्क नव्हता. सगळ्या ओळी एका फटक्यात गेल्या. ज्या गावांनी तो पैसा धरून बजेट आखलं होतं, त्यांना ते परत मांडावं लागलं.

म्हणून ‘यातलं कुठलं काम आपल्या सगळ्यात जवळचं?’ हा प्रश्न मी या पैशाला लावणार नाही. या जातीच्या पैशाला साजेसं काम कुठलं, हे बघा. हा पैसा एकदाच मिळतो. तो उशिरा मिळतो. सहसा शहराने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा, मग बिलं दाखवून परत घ्यायचा. आणि तो अटी घेऊन येतो. ज्याचे नकाशे तयार आहेत, जागा शहराच्या ताब्यात आहे, शहराचा वाटा बजेटमध्ये बाजूला ठेवलाय आणि पूर्ण झाल्यावर ते चालवायला वर्षानुवर्षं कोण पैसे देणार हे माहीत आहे, असं काम यात टिकतं. बाकीची कामं अडकतात.

अडकतात म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलंय. पूर्वी मी ज्या गावात राहत होते, तिथल्या लायब्ररीच्या सल्लागार मंडळावर मी होते. जुन्या इमारतीच्या नूतनीकरणासाठी आम्हाला असा निधी मंजूर झाला. आम्ही पेढे वाटले, अगदी खरे पेढे, मी घरी केले होते. गृहनिर्माण खात्यामार्फत येणाऱ्या या पैशाचा एक कडक नियम आहे: पर्यावरणाची तपासणी पुरी होऊन परवानगी हातात येईपर्यंत बांधकामाचा करार करायचा नाही, पाडापाडही करायची नाही. आमच्याकडे उत्साहाच्या भरात मागच्या बाजूच्या पाडकामाचं कंत्राट आधीच दिलं गेलं. पुढचे कित्येक महिने पत्रव्यवहारात गेले, तो खर्च शहराच्या अंगावर पडला, आणि तोवर उरलेल्या कामाचा भाव वाढला होता. मुलांचा विभाग त्या काळात एका तंबूवजा खोलीत चालला. त्या बैठकांमध्ये बसून मला जे कळलं ते इतकंच, की मंजुरीच्या दिवशी विचारायचे प्रश्न आम्ही अर्जाच्या दिवशी विचारायला हवे होते. तुमच्याकडे अजून अर्जाचा दिवस उजाडायचाय.

तर तुमची तीन कामं.

फाटकाचं आधी, कारण त्याबद्दल थोडक्यात सांगता येतं. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याला दुय्यम म्हणायला जीभ रेटत नाही. पण रुळांवरून वाट काढायची तर रेल्वे कंपनीची संमती लागते आणि कॅलिफोर्नियात राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनचीही मंजुरी लागते. हे दोन्ही कागद शहराकडे आहेत का, एवढंच स्टाफला विचारा. नसतील तर फेडरल पैसा येऊन पडून राहील. या कामाला दुसरं दारही आहे: राज्याचा अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्टेशन प्रोग्राम, २०१३ पासून सुरू आहे, आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलांचे सुरक्षित रस्ते हा त्याच्या मुख्य विषयांपैकी एक. तिथे स्पर्धा मोठी असते, पण काम तिथलंच आहे.

हॉलकडे मी जास्त सहानुभूतीने बघते, हे कबूल करते. इथे येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे दिवस किती लांब असतात हे मला माहीत आहे. गाडी चालवता येत नाही, मुलं-सुना कामावर, नातवंडं शाळेत. सकाळी दहाला त्या सेंटरचं दार उघडतं तेव्हा तुमच्या सासूबाईंचा दिवस सुरू होतो. ती जागा चांगली व्हायलाच हवी. पण पत्र नीट वाचलंत तर त्यात दोन कामं एकत्र बांधली आहेत. सेंटरची दुरुस्ती ही एक गरज, आणि सणासुदीचा मोठा हॉल ही दुसरी. दुरुस्तीसाठी कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट नावाचा फेडरल निधी आहे, १९७४ पासूनचा. पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना तो साधारणपणे दरवर्षी थेट मिळतो. तो मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आहे, पण ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या केंद्राला उत्पन्नाची वेगळी सिद्धता सहसा द्यावी लागत नाही, ज्येष्ठांना नियमातच त्या गटात धरलंय. त्या निधीचा वार्षिक आराखडा करताना शहराला जाहीर सुनावणी घ्यावी लागते, आणि त्या सुनावणीला खुर्च्या रिकाम्या असतात. मंडळाच्या पन्नास माणसांनी जायचं तर तिथे जावं! हॉल जोडला की मात्र ती सवलत डळमळते, कारण मग तो सगळ्यांसाठीचा हॉल होतो. हॉल चालवायला लागणारा कर्मचारी, वीज, सफाई, विमा यांचा खर्चही असा फेडरल निधी सहसा उचलत नाही. स्टाफ रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक वाक्य तरी आहे का, बघा.

आणि पंप.

सांडपाणी शक्यतो उताराने वाहून न्यायचं, हा सगळ्या गावांचा हिशेब. जिथे वस्ती खोलगट आहे, तिथे ते एका विहिरीत गोळा करून पंपाने वर चढवावं लागतं. पाऊस जोराचा झाला की जुन्या, तडे गेलेल्या नळांतून जमिनीतलं पाणी आत शिरतं. पंपाला झेपेल त्याच्या कितीतरी पट पाणी येतं, किंवा वादळात वीज जाते आणि जनरेटर जुना झालेला असतो. मग ते पाणी मागे फिरतं आणि सगळ्यात खालच्या घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं. बहुतेक वेळा ते तोंड बाथरूममध्ये असतं. डिसेंबर २०२२ च्या अखेरीपासून जानेवारी २०२३ च्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियावर एकामागून एक नऊ वादळं आली. तुम्ही पाहिलंत ते त्या दिवसांतलं.

या कामाचं नकाशावर चित्र काढून कुणी मिरवत नाही. फीत कापायला फारसं कुणी येत नाही. जमिनीखाली असतं, आणि नीट चाललं तर त्याची कुणाला आठवणही होत नाही. म्हणूनच ते वर्षानुवर्षं मागे पडतं, आणि ज्यांच्या घरात ते वर येतं ती माणसं कौन्सिलच्या सभेला येण्याइतकी मोकळी नसतात. दुसरा मार्गही महाग आहे. राज्यामार्फत कमी व्याजाचं कर्ज मिळू शकतं, पण ते फेडायचं म्हणजे सीवरचं बिल वाढवायचं. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ या राज्याच्या कायद्यानुसार त्यासाठी घरमालकांना नोटीस, पंचेचाळीस दिवस आणि सुनावणी. निम्म्याहून जास्त लेखी हरकती आल्या तर वाढ रद्द. वाढ झाली तर ती सगळ्यात जास्त टोचणार त्याच जुन्या वस्तीला. एकरकमी बाहेरून येणारा पैसा हा भार हलका करतो, आणि पंपाला नंतर चालवण्याचा खर्च बिलातून आधीपासूनच येत असतो. सांडपाण्याच्या कामांचे इअरमार्क पर्यावरण संरक्षण संस्थेमार्फत येतात. त्यात शहराला किमान वीस टक्के वाटा उचलावा लागतो: दहा लाख डॉलरच्या कामात दोन लाख शहराचे. हा वाटा कुठून येणार हे ठरलं असेल, नकाशे तयार असतील, तर तिघांत या पैशात नीट बसणारं काम हेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही डोळे झाकून पंपाच्या बाजूने बोलू नका. एक गोष्ट आधी तपासा. त्या घरात मैला वर आला तो शहराच्या वाहिनीमुळे, की त्या घराच्या स्वतःच्या जोडणीत मुळं शिरून ती तुंबल्यामुळे? दोन्ही घडतं. शहराच्या वाहिनीतून सांडपाणी बाहेर आलं की कॅलिफोर्नियात शहराला त्याची नोंद राज्याच्या वॉटर बोर्डाकडे करावी लागते आणि त्या नोंदी कुणालाही पाहता येतात. जानेवारी २०२३ मध्ये त्या पंपाच्या परिसरात किती नोंदी आहेत, ते शोधा किंवा शहराच्या पब्लिक वर्क्स खात्याला ईमेल करून विचारा. चार-पाच सापडल्या तर तुमच्या हातात भावनेपेक्षा वजनदार गोष्ट असेल. सोबत हेही विचारा की नवीन पंपाबरोबर गळके नळही दुरुस्त होणार आहेत का. नुसता मोठा पंप बसवून खालून पाणी शिरतच राहिलं, तर पुढच्या मोठ्या पावसात तेच घर पुन्हा.

आपल्याच लोकांच्या विरोधात? अहो, सभेत कुणी ‘हॉल नको’ असं म्हणायला लावत नाही. तुम्ही पंपासाठी बोला आणि तिथेच थांबा. पण मंडळाच्या अध्यक्षांना हे सभेत पहिल्यांदा कळू देऊ नका. ग्रुपवर लिहू नका, तिथे शंभर माणसांसमोर कुणालाच माघार घेता येत नाही. फोन करा. ‘मी पंपासाठी बोलणार आहे, कारण मी ते घर पाहिलंय. सेंटरच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक ग्रँटच्या सुनावणीला मी स्वतः मंडळाचं पत्र लिहून देते, सह्या गोळा करते,’ असं सरळ सांगा. ते रागावतील कदाचित. चार दिवस बोलणार नाहीत. पण तुम्ही त्यांना नकारासोबत एक काम देताय, आणि ते काम हॉलच्या मागणीपेक्षा लवकर फळाला येण्याची शक्यता आहे. आपण इथे येऊन राहिलो, मुलं इथल्या शाळांत घातली. रुळांपलीकडची वस्तीही आपल्याच गावात आहे, आणि तुमच्या मुलीला ते तुमच्याआधी कळलंय, ती तिथे खेळायला जाते.

ग्रीन कार्डचं म्हणाल तर निश्चिंत राहा. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन अ‍ॅक्ट आहे. त्यानुसार कौन्सिलच्या नियमित सभेचा अजेंडा किमान बहात्तर तास आधी लावावा लागतो आणि प्रत्येक विषयावर जनतेला बोलू द्यावं लागतं. मतदानाला नागरिकत्व लागतं, बोलायला लागत नाही. शनिवारी अजेंडा उघडा, तुमच्या विषयाखालचा स्टाफ रिपोर्ट पूर्ण वाचा. लेखी मत पाठवायचं असेल तर सिटी क्लार्कची मुदत बघा, साधारणपणे सभेच्या दिवशी दुपारी ती संपते. लेखी पाठवाच, कारण तुमचं पत्र अर्जाला पाठिंब्याचा पुरावा म्हणून जोडता येतं. बोलायला सहसा तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली तर दोन किंवा एकच. म्हणून पहिल्या वाक्यातच मागणी सांगा: पंप स्टेशन पहिल्या क्रमांकावर ठेवा. मग जे पाहिलंत ते, मग नोंदींचा आकडा. नियम आणि कलमं नकोत, ती स्टाफला माहीत असतात.

आणि एक विचार करून बघा. त्या रात्री बादल्या आणि टॉवेल घेऊन जी बाई उभी होती, ती तुमच्या मुलीच्या मैत्रिणीची आई. बोलण्याचा पहिला मान तिचा. तिला फोन करून विचारा, येशील का? नको म्हणाली तर तिच्या घराचा पत्ता किंवा नाव सभेत घेऊ नका, तिच्या परवानगीने जेवढं सांगता येईल तेवढंच सांगा. आणि इंग्रजीची अडचण म्हणून ती कचरत असेल तर तिला हे सांगा: दुभाषा घेऊन बोलणाऱ्याला कॅलिफोर्नियात ठरलेल्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. तिने तिच्या भाषेत बोलावं, मुलीने किंवा ओळखीच्या कुणी शेजारी उभं राहून इंग्रजीत सांगावं. तुम्ही तिच्यानंतर उभ्या राहा.

सासूबाईंनाही न्या. ब्लॉक ग्रँटच्या सुनावणीत मराठीत बोलायची वेळ त्यांच्यावर येणार आहे, माइक कुठे असतो आणि किती उंच असतो ते त्या आधी बघून ठेवतील.